भोपाळचा कौल

कोपरखैरणे,
२४ मे २०२५

विश्वजित दादा,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण दोन वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, तेव्हा तो शब्द सध्या माझ्याजवळच राहू दे. तू आम्हा सगळ्यांना ब्लॉक केलंस आणि माझा मोबाइल बाबा रोज जेवताना तपासतात, म्हणून कागद. हे पत्र तुझ्या सासूच्या पाटीतून येतंय. जमुनाबाई आठवड्यातून दोनदा इथल्या मासळी बाजारात बसतात हे तुला माहीत असेलच. कागदाला बोंबलांचा वास येईल. तू आता करावे गावचा घरजावई, तुला त्याचं काही वाटायचं कारण नाही.

बातमी अशी की तुझी बहीण हुशार निघाली. क्लॅटच्या यादीत मला भोपाळच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळाली. पाच वर्षं, होस्टेल, देशभरातली पोरं. मला दुसरं काहीही नको आहे, एवढं एकच हवं आहे. पण हातात अजून एक जागा आहे, बेलापूरच्या एका खासगी लॉ कॉलेजची. ते एका मॉलच्या मागे आहे आणि प्रवेश घेणाऱ्याला तिथे पाठीवरची बॅग फुकट देतात. बाबांना बेलापूर हवंय.

त्यांच्याच शब्दांत ऐक. ‘येक पोरगं गेलं त्या खाडीकडं. दुसरं तरी डोळ्यापुढं ऱ्हाऊ दे. वकील काय, हितं बी हुतंय की.’ तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी आपल्या टोळीला सांगूनही टाकलंय, की माथाड्यांना आता घरची वकील मिळणार म्हणून. धनाजीकाका मला परवा जिन्यात ‘काय वकीलबाई’ म्हणाले. मी हसले. दात दाखवायला काय जातं.

आता मुख्य गोष्ट. भोपाळ की बेलापूर हा निकाल गावच्या देवीकडे, जानाईकडे गेला आहे. पुढच्या रविवारी गावी जाऊन कौल लावायचा. हसू नकोस, मागच्या वेळी हसला होतास. कण्हेरीच्या दोन पाकळ्या भिजवून देवीच्या दोन खांद्यांना लावायच्या. उजवी आधी पडली तर हो. डावी आधी पडली तर नाही. तुझ्या अर्पितासाठी डावी पडली होती. तरी तू लग्न केलंस आणि बाबांनी तुझं नाव रेशनकार्डावरून कमी करून आणलं. त्या दिवशी त्यांनी रेशन ऑफिसातल्या सगळ्यांना पेढे दिले, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. रविवारच्या आधी एकदा घरी ये. बाबांच्या पाया पड. खोटं पड हवं तर. त्यांना एक पोर डोळ्यापुढे हवंय ना, मग तू दिस. मग मला कोण कशाला अडवतंय? करावे ते कोपरखैरणे बसने येतोस म्हटलं तर दुपारच्या जेवणाआधी पोचशील. आई तुझ्यासाठी अजून सांडगे तळून बाजूला काढते आणि मग ते मला खावे लागतात.

राजेश्वरी

कोपरखैरणे,
३० मे २०२५

दादा,

तुझं उत्तर मिळालं. तोंडी मिळालं, कारण तुला पेन उचलणंही जिवावर आलं. जमुनाबाईंनी बांगडे निवडता निवडता सांगितलं, ‘तो बोलला, त्या घराशी माजा काय संबंध नाय. मी बोलले, आरं बहीन हाय तुजी. तर तो उठूनच गेला.’ मी तिथेच उभी राहिले, तर त्या म्हणाल्या, ‘गो पोरी, माज्याकडं बगून काय होनार? मी काय तुज्या देवीची गुरवीन हाय?’ आणि दोन बांगडे जास्त घातले. तुझ्या सासूला तुझ्यापेक्षा जास्त लाज आहे.

तू गेलास तेव्हा मी सोळा वर्षांची होते. शाळेत मैत्रिणींना मिरवून सांगायचे, माझ्या भावाने देवीला धुडकावून लग्न केलं म्हणून. आता कळतं, धुडकावलंस बिडकावलंस काही नाही. तू नुसता सुटलास आणि तुझं दावं माझ्या गळ्यात अडकवून गेलास. तू गेल्यापासून मी क्लासवरून यायला जरा उशीर केला की बाबा नाक्यावर उभे. माझ्या मैत्रिणींच्या आडनावांची चौकशी. आई मुकी झाली आहे. तू तिकडे खाडीच्या वाऱ्यात पापलेट खा.

काल बाबा मला बेलापूरला घेऊन गेले. कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कबरोबर चहा प्याले, त्याचं गाव कोरेगाव निघालं, मग काय विचारतोस. मला गेटसमोर उभी करून फोटो काढला आणि टोळीच्या ग्रुपवर टाकला. सत्तर माणसांनी हात जोडले. मी म्हटलं, ‘बाबा, अजून कौल लागायचाय.’ तर म्हणतात, ‘जानाई काय आपल्या बाहेर हाय व्हय?’

भोपाळची जागा याच आठवड्यात पक्की करायची आहे. नाही केली तर ती खालच्या नंबरच्या पोराला जाईल. तो खालचा नंबर मला रोज स्वप्नात दिसतो, चष्मा लावलेला आणि आई-बापांचा लाडका. रविवारी आम्ही गावी आहोत. तुला लाज वाटली तर ये. वाटणार नाही हे माहीत आहे, उगाच लिहिलं.

राजेश्वरी

कोपरखैरणे,
३ जून २०२५

दादा,

मी भोपाळला चालले. आता कसं जमवलं ते वाच. तुला झोंबावं म्हणूनच सविस्तर लिहिते आहे.

रविवारी सकाळी देवळात बाबा, आई, मी आणि भावकीतली दहा-बारा माणसं. हौसेराव गुरव आता खूप थकलाय, त्याचे हात थरथरतात. त्याने पाकळ्या लावल्या आणि बाबांनी विचारलं, ‘आई जानाई, पोरीला भोपाळला धाडू का?’ उजवी पडली. टपकन.

बाबा म्हणाले, ‘पोरीचं नाव घ्यायचं ऱ्हायलं. परत लाव.’ नाव घेऊन विचारलं. पुन्हा उजवी. मग बाबांनी थोडा वेळ डोकं खाजवलं आणि प्रश्नच फिरवला, ‘बेलापूरला घालू का?’ डावी पडली. जानाईने तीन वेळा एकच सांगितलं, दादा. आणि तुझ्या वेळी बाबांनी एकदाच विचारलं होतं, आठवतंय ना? तुझी डावी पडली आणि ते लगेच उठले, धोतर झाडलं, संपलं. ‘पुन्हा लाव’ म्हणाले नाहीत. तुझ्यासाठी दुसऱ्यांदा विचारावं इतकंसुद्धा त्यांना वाटलं नाही. रेशनकार्डाच्या पेढ्यांपेक्षा हे जास्त लागेल तुला.

हौसेराव बाबांना म्हणाला, ‘अप्पा, आता बास करा. देवीला छळू नगा.’ बाबा म्हणाले, ‘तुजा हात थरथरतोय, पाकळी पडंल न्हाय तर काय हुईल?’ म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. चार पिढ्या त्याच्या घरात कौल आहे. तो म्हणाला, ‘गुरवाच्या हातावर इस्वास नसंल तर घरच्यानं लावावं. जुनी रीत हाय. पण जो लावील त्यानंच इचारायचं.’

बाबांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. ‘राजे, तू लाव. कुवारणीच्या हातचा कौल खरा.’ त्यांना वाटलं, पोरगी आयत्या वेळी घाबरेल. देवीपुढे उभी राहिली की बापाच्या मनातलंच विचारेल. सगळ्या भावकीसमोर मला सरळ करायचा त्यांचा बेत होता. त्यांनी स्वतःच्या हाताने मला पाकळ्या दिल्या.

मी उजवी पाकळी तांब्यात चांगली बुडवली आणि अंगठ्याने दाबून चिकटवली. डावीला नुसतं बोट लावलं. ती जवळजवळ कोरडीच होती, कशीबशी टेकवून ठेवली. मग हात जोडले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘आई जानाई, मी बाबांजवळ राहिले, तर माझ्या बाबांच्या जिवाला बरं राहील का?’

डावी पडली. पडायचीच होती.

बाबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पहिल्यांदा बघितलं. पोती उचलून उचलून जाड झालेली ती मान, ती एकदम बारीक दिसायला लागली. हौसेराव तेवढा पुटपुटला, ‘पोरी, जिवाचा प्रश्न इचारू नये गं. इचारला की देवीचं ध्यान त्या मानसाकडं जातं.’ ते ऐकून बाबा खांबाला टेकून खालीच बसले.

देवीने तीनदा ‘पाठव’ म्हटलं तेव्हा तिचा शब्द मोडायला त्यांना काही वाटलं नाही. स्वतःचा जीव मधे आला तेव्हा देवी खरी झाली. कराडच्या स्टँडवर त्यांनीच मला हलवलं. ‘राजे, ती भोपाळची जागा पक्की कर. आत्ताच कर. मोबाइलवर हुतंय न्हवं?’ मी उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहून जागा पक्की केली. बाबा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते आणि त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता.

एसटीत आई माझ्या शेजारी बसली. कराड सुटलं, उंब्रज गेलं. मग पिशवीतली भाकरी काढून अर्धी मला दिली आणि एवढंच म्हणाली, ‘डावी कोरडी होती.’ मी भाकरी खाल्ली.

तुझ्याशिवाय जमलं बघ.

राजेश्वरी

भोपाळ,
२७ जुलै २०२५

दादा,

अखेर तुझं लेखी उत्तर आलं. चार ओळी, त्यातली एक पत्त्याची. अक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यासारखं. तू लिहितोस, ‘बाबांना खरं सांग. माणूस खचलाय.’

तुला कोणी सांगितलं खचलाय म्हणून? आई लपून तुला फोन करते वाटतं. करू दे. मला रोज बाबांचा फोन येतो. आधी विचारतात, ‘तिकडंच हायस न्हवं?’ मी हो म्हणाले की सुस्कारा टाकतात. मग तब्येतीचं सांगतात. पोतं उचलत नाहीत आता. टोळीचं मुकादमपण धनाजीकाकांकडे दिलं. गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन प्रेशर मोजून घेतात, डॉक्टर म्हणतो सगळं ठीक आहे, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. हौसेरावचं ते ध्यान जाण्याचं बोलणं त्यांच्या डोक्यातून निघत नाही. त्यांना वाटतं, जानाई आता त्यांच्याकडेच बघत बसली आहे.

नाही सांगणार. सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी गावी जातील, चौथ्यांदा, पाचव्यांदा पाकळ्या लावतील आणि मी बेलापूरला मॉलच्या मागे, पाठीवर फुकटची बॅग. ज्या माणसाने देवीलासुद्धा तीनदा उलट विचारलं, त्याला खरं सांगून माझं काय भलं होणार? भिऊ दे थोडं. आम्ही त्यांना आयुष्यभर भ्यालो.

आणि तुला कळवळा कधीपासून? मे महिन्यात तुला एकदा घरी ये म्हटलं होतं. आला असतास, तर मला देवीला हात लावावा लागला नसता. तेव्हा तुझा ‘काय संबंध नाय’ होता. आता माझ्या आणि त्यांच्या मधे पडू नकोस.

इथे छान आहे. माझ्या खोलीत इंदूरची एक आणि गुवाहाटीची एक मुलगी आहे. माझं हिंदी ऐकून दोघी हसतात, मी त्यांचं मराठी ऐकून हसेन असं सांगितलंय. तळं बघितलं, खाडीसारखं घाण नाही. वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं, की स्वतःच्या खटल्यात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये. मी सगळ्यांच्या आधी मान डोलावली. सर म्हणाले, तुम्हाला हे आधीच माहीत होतं वाटतं.

मला इथे कोणी नाक्यावर उभं राहून वाट बघत नाही. तुला हे सुख दोन वर्षांपूर्वीच कळलं, मला सांगितलं मात्र नाहीस.

राजेश्वरी

भोपाळ,
९ ऑक्टोबर २०२५

दादा,

पाकिटावर सवयीने करावे लिहिलं, मग खोडून आपल्या घराचा पत्ता घातला. तू आता तिथे आहेस. अर्पितावहिनी माझ्या पलंगावर झोपते आणि माझी पुस्तकं खोक्यात घालून गॅलरीत ठेवली आहेत, हे आईने फोनवर सांगितलं. पाऊस आत येतो त्या बाजूला, एवढं तरी बघ.

बाकीचंही आईनेच सांगितलं. बाबांना मरणाचं भय बसलं आणि मग त्यांना आठवलं, की आपल्याला अग्नी द्यायला मुलगा हवा. माझ्या एका प्रश्नाने त्यांना मुलगा हवासा केला. मी तेव्हा फक्त स्वतःचं बघत होते, हा हिशेब डोक्यात आला नाही. दसऱ्याला ते आईला घेऊन जानाईला गेले. विचारायचं होतं, विश्वजितला घरात घेऊ का? हौसेरावने हात लावला नाही. म्हणाला, याच पोराचं लगीन देवीनं नाकारलं हुतं, ह्यो कौल घरच्यानं लावावा. बाबांचे हात कापत होते. म्हणून आईने पाकळ्या लावल्या.

‘डावी चांगली भिजवली,’ आई मला फोनवर म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजी काय केली सांगावी तसा. ‘उजवीला नुसतं बोट लावलं. तुझं बघूनच शिकले.’ उजवी पडली, बाबा देवळातच रडले आणि रात्रीपर्यंत तू जमुनाबाईंच्या टोपलीभर सुरमईसकट घरी हजर. जानाईच्या नाकावर टिच्चून तू सुरमई खाल्लीस आणि बाबांनी तुला वाढली.

मला राग नाही आला. आधी हसूच आलं. आई दोन वर्षं मुकी होती ती याची वाट बघत होती. मग मी तिला म्हटलं, आता झालं ना सगळं, दादा घरी आला, बाबांना आता सांगून टाका, म्हणजे मीही दिवाळीला येते. इथे होस्टेल रिकामं होतंय. इंदूरची आज गेली, गुवाहाटीची शनिवारी जाईल. मला घरी यायचंय, दादा. मला आईच्या हातचं खायचंय, मला जिन्यात धनाजीकाकांनी ‘वकीलबाई’ म्हणायला हवंय. हे मी तुला लिहिते आहे यात काय ते समज.

आई म्हणाली, ‘तुझा कौल खोटा म्हणून सांगितलं, तर ते विचारतील, मग माझा कसा?’ आणि फोन ठेवला.

म्हणून मी तुला मेसेज केला. आता तू ब्लॉक काढलंस, निळ्या खुणा दिसतात. मी लिहिलं, तू सांग, तुझं ऐकतील, तुझा तर त्यांनी आता देव केलाय. जुलैमध्ये तूच म्हणाला होतास ना, माणूस खचलाय, खरं सांग. तू दिवसभराने उत्तर दिलंस, ‘आत्ता नको. बाबांची तब्येत नाजूक आहे. धक्का बसेल. पुढच्या वर्षी बघू.’ खाली दिव्याचं चित्र.

मला वाटलं होतं, आपल्या घरात बाबांसारखी मीच एकटी आहे. तसं नाही. तू त्यांचा खरा मुलगा शोभतोस. तुझी जागा माझ्या खोटेपणावर उभी आहे, तो हलला तर तू पुन्हा करावेला, म्हणून मी इथे बसावं. आई बिचारी आहे असं मी समजत होते. ती बिचारी नाही. तिला एक पोर घरात हवं होतं आणि तिने निवडलं. मीही निवडलंच होतं, तेव्हा तक्रार कोणाकडे करू?

मघाशी बाबांचा फोन आला. आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा होता. मागे तुझं हसणं ऐकू येत होतं, टीव्ही चालू होता. मी म्हटलं, ‘बाबा, दिवाळीला तिकीट काढू का?’ ते इतक्या मायेने बोलले, दादा, इतक्या मायेने ते माझ्याशी जन्मात बोलले नव्हते. ‘न्हाय गं बाळा. तू तिकडंच ऱ्हा. मैत्रिणीकडं जा सुट्टीत, पैसं धाडतो. पाच वर्सं झाली की तिकडंच बघ कायतरी चांगलं. आई हाय, दादा हाय माज्यापाशी. तू फकस्त इकडं येऊ नगंस.’

मी बरं म्हटलं.

तुम्ही सगळे फराळाला बसाल तेव्हा त्यांना सांग, राजेश्वरीने विचारलंय तब्येत कशी आहे. ते म्हणतील, झकास. झकासच असणार. मी इथे आहे ना.

राजेश्वरी